न सापडणारी नावं आणि खाडीचा आवाज

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला टायफॉईड झाला. ताप उतरला, पण अंगातली ताकद काही लवकर परत आली नाही. पुण्यात माझं काम प्रोग्रामिंगचं. स्क्रीनसमोर बसले की ओळी हलायला लागायच्या, पाण्यावर पडलेल्या सावल्या हलतात तशा. डॉक्टर म्हणाले, काही दिवस काम बंद. मी बिनपगारी रजा घेतली आणि धाकट्या काकांकडे राहायला गेले.

काकांचं घर मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. ते जन्मभर मालवाहू जहाजांवर विजेची कामं बघणारे अधिकारी होते. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, उरलेले घरी. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. काकी कुडाळच्या पलीकडच्या गावातली, भात आणि काजू पिकवणाऱ्या घरातली. लग्न होईपर्यंत तिनं खाडी जवळून पाहिली नव्हती, आणि लग्नानंतर पाहावीशी वाटली नाही, असं ती स्वतःच सांगायची. घराला दोन दारं. पुढचं रस्त्याकडे उघडणारं, ते काकीचं. मागचं खाडीकडे उघडणारं, ते काकांचं. काकी निवडण-टिपण घेऊन पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात बसायची, काका मागच्या मांगरात, परसातल्या खोपीत, आपल्या तारा, पेट्या आणि सोल्डरिंगचा वास घेऊन. दोघांची गाठ जेवणाला पडायची.

मी पहिले काही दिवस नुसती झोपले. सकाळी खाडीवर धुकं असायचं आणि त्यातून एखाद्या होडीचा आवाज आधी यायचा, होडी मागून दिसायची. दुपारी भात आणि कुळथाची पिठी खाऊन मी पुन्हा आडवी व्हायचे. जाग आली की सकाळ आहे की संध्याकाळ हे क्षणभर कळायचं नाही. काकी काही विचारायची नाही. पेज आणून ठेवायची आणि मी ती पीत असताना जवळ बसून राहायची.

असंच एकदा दुपारी डोळे उघडले तर काका दारात उभे होते. हातात एक करड्या रंगाची लोखंडी पेटी.

"गो बाय, बरा वाटता मां आता?"

"बरं वाटतंय काकानू. ते काय आहे?"

त्यांनी पेटी माझ्या उशाशी ठेवली. "तू कॉम्प्युटरचाच शिकलंस मां? ही पेटी चलना नाय. जरा बगशीत?"

ती पेटी त्यांना एका जुन्या सहकाऱ्यानं दिली होती. समुद्राच्या तळाची पाहणी करणारं एक जहाज मोडीत निघालं, तेव्हा तिथली ही निरुपयोगी ठरलेली वस्तू. पाण्याखाली सोडायचा मायक्रोफोन, त्याची लांब केबल आणि ही पेटी. पेटी कॉम्प्युटरला जोडली की पाण्याखालचे आवाज ऐकू येतात. काकांनी मायक्रोफोन मागच्या धक्क्याच्या खांबाला बांधून खाडीत सोडला होता. जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं गंजून मेला. मग त्यांनी तळहाताएवढा एक छोटा कॉम्प्युटर-बोर्ड मिळवला, त्यावर नवी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम घातली, आणि तिथे गाडं अडलं. नवी प्रणाली पेटीला ओळखेना.

"आधी चालत होती?" मी विचारलं.

काका जरा घुटमळले. "चलत होती. मगे मगे आवाज कमी कमी येवक लागलो. माका वाटता पेटी जुनी झाली."

"ऐकायचं काय असतं पाण्याखाली?"

"ढोमो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा हसले. लहानपणी ते वडिलांबरोबर होडीतून जात. होडीच्या तळाशी फळीला कान लावून पडलं की संध्याकाळी ढोमे गुरगुरताना ऐकू येत. एक मासा गुरगुरायला लागला की दुसरा, मग सगळी खाडी. जहाजांवर गेल्यावर तो आवाज त्यांनी पुन्हा कधी ऐकला नाही, पेटी चालत होती तेव्हाही ढोमे आले नव्हते. जहाजावर रात्रंदिवस जनरेटरशेजारी काम. तिथे फळीला कान लावून काय ऐकणार?

मी पेटी बघायला घेतली ती काकांना नाही म्हणवेना म्हणून. माझं पुण्यातलं काम अगदी वरवरच्या थरातलं, लोकांना दिसणारे पडदे आणि बटणं बनवण्याचं. हे काम त्याच्या पार खालचं होतं.

ते काय होतं ते सांगते. प्रत्येक प्रणालीच्या आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरी कोणाला द्यायची, आवाज कुठून घ्यायचा, कोणाची पाळी कधी, सगळा कारभार त्याच्या हातात. एखादं यंत्र त्याला माहीत नसेल तर त्या यंत्रासाठी एक जोड लिहितात. ती गाभ्यात बसवली की त्याचाच भाग होऊन चालते. पण जोड सगळी कामं स्वतः करत नाही. मेमरी हवी झाली, वेळ बघायची झाली, की ती गाभ्यातल्या कामांना त्यांच्या नावानं हाक मारते. ही नावं म्हणजे सिम्बॉल. जोड तयार करताना यातलं प्रत्येक नाव ताडून बघितलं जातं. कुठलं नाव कुठेच मिळालं नाही, की स्क्रीनवर ओळ उमटते, अमुक सिम्बॉल अनडिफाइन्ड, म्हणजे हे नाव ठाऊक नाही, आणि काम तिथेच थांबतं.

पेटीची जोड परदेशातल्या कुणीतरी फार वर्षांपूर्वी लिहिलेली. काकांनी तिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुठूनतरी मिळवून ठेवला होता. मी ती नव्या गाभ्यासाठी बिल्ड करायला, म्हणजे मजकुरापासून नव्यानं तयार करायला घेतली तर अशा ओळींची रांगच लागली.

"किती येळ लागात?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही काकानू. हे माझं काम नाही खरं तर."

"माजीपण पेटी नाय ती," ते म्हणाले आणि धक्क्याकडे गेले.

मग मी रोज सकाळी मांगरात बसू लागले. एका वेळी थोडंच जमायचं. डोळे दुखायला लागले की समोरच्या खाडीकडे बघत राहायचं. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून वर चढायचं, मुळं एकेक करून दिसेनाशी व्हायची, आणि मी पुन्हा स्क्रीनकडे वळायचे तेव्हा तिथलंही काहीतरी मागे सरकलंय असं वाटायचं.

पहिली काही नावं सोपी निघाली. ती जोडीच्या स्वतःच्याच होती. मजकुराच्या चार फायली होत्या आणि बिल्ड करण्याच्या सूचनेत तीनच लिहिल्या होत्या. चौथी फाईल शेजारी पडून होती आणि यंत्र तिच्यातली नावं जगभर शोधत होतं. मी तिचं नाव सूचनेत घातलं आणि निम्म्या ओळी एकदम गेल्या. मी इतकी खूश झाले की उठून काकीला सांगायला गेले.

काकी तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं. "म्हणजे पेटी चलली?"

"नाही अजून."

"मगे?"

"निम्मं काम झालं."

"बरा झाला," ती म्हणाली. "सोलकढी घे थोडी."

नंतरची काही नावं बदललेली होती. ही जोड लिहिली त्या काळात गाभ्यात ज्या कामाला एक नाव होतं, त्याला मधल्या वर्षांत दुसरं मिळालं, आणि काही ठिकाणी हाक मारायची रीतही बदलली. आधी दोन गोष्टी सांगाव्या लागत, आता तीन. कुठलं नाव कधी बदललं आणि का, हे बदल करणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं असतं. मी ते वाचत बसायचे. कोण कुठली माणसं, एका नावावरून महिनोन् महिने एकमेकांशी बोलत होती. कोकणातल्या मांगरात बसून त्यांचं ते जुनं बोलणं वाचताना मला फार शांत वाटायचं. तापानंतर पहिल्यांदा एखादी गोष्ट मी शेवटपर्यंत वाचू शकत होते.

आवाजाशी संबंधित नावं गाभ्यात सापडत नव्हती, कारण आता ती गाभ्यात नव्हतीच. आवाजाचं सगळं काम एका वेगळ्या जोडीत नेऊन ठेवलं होतं. आपली जोड तिच्यावर अवलंबून आहे, हे आधी सांगायला लागतं. आणि चालवताना ती आधी बसवून मग आपली बसवावी लागते. उलटं केलं तर हाक मारायला समोर कुणी नसतं. हेही जमलं.

मग एक नाव असं आलं की ते गाभ्यात होतं, मला दिसत होतं, तरी मिळत नव्हतं. गाभ्यातली काही कामं फक्त अशाच जोडींना वापरता येतात ज्यांच्या लेखकानं आपला मजकूर सगळ्यांसाठी खुला असल्याचं जाहीर केलंय. या जोडीत त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. एक ओळ घातली की झालं असतं. पण ती ओळ लिहिण्याचा हक्क माझा नव्हता. मजकूर ज्यानं लिहिला त्याचा होता.

फाईलच्या डोक्यावर एक ईमेलचा पत्ता होता. तो आता चालत असेल असं मला वाटलं नाही, तरी मी पत्र लिहिलं. मी कोण, पेटी कुठे आहे, काकांना काय ऐकायचंय. उत्तर काही दिवस आलं नाही. मी पुन्हा दुपारी झोपू लागले. काका रोज फक्त एकदा माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे.

एका सकाळी उत्तर आलं. लिहिणारा गृहस्थ आता म्हातारा होता, एका थंड देशात राहत होता. त्यानं लिहिलं होतं की ती जोड त्यानं बर्फाखालच्या सीलचे आवाज ऐकायला लिहिली होती, ती अजून कुठे असेल याची त्याला कल्पना नव्हती, मजकूर अर्थातच खुला आहे, ती ओळ त्याच्या वतीनं मी घालावी. आणि शेवटी विचारलं होतं, तुमच्याकडचं पाणी किती गरम असतं?

मी काकांना विचारलं. ते धक्क्यावर उतरले, हात पाण्यात घातला आणि म्हणाले, "सांग त्येका, आंगोळीच्या पाण्यासारख्या." मी तसंच कळवलं.

आता एकच ओळ उरली होती, आणि तिथे मी खरी अडकले. ते नाव विचित्र होतं, पुढे दोन अधोरेषा आणि मग अक्षरांचा गुंता. मी ते चारी फायलींत शोधलं. नव्हतं. गाभ्यात शोधलं. नव्हतं. त्या गृहस्थाला विचारलं, तो म्हणाला असं नाव त्यानं उभ्या आयुष्यात लिहिलेलं नाही. तरी प्रत्येक वेळी बिल्ड करताना यंत्र तेच नाव मागत होतं.

ते नाव माझ्या डोक्यात बसलं. पेज पिताना, झोपताना ते मनात फिरायचं. दुपारच्या गुंगीत मला दिसायचं की मी खाडीकाठानं चाललेय आणि घरोघरी ते नाव विचारतेय, आणि लोक आदरानं सांगतायत की ह्या नावाचं इथे कोणी राहत नाही. जाग आल्यावर समोर काकी असायची, कपाळावर हात ठेवून ताप बघत.

"ताप नाय," ती म्हणायची. "मगे काय बडबडतंस?"

मी तिला सांगितलं. तिनं नीट ऐकलं. "कोणी लिवला मगे तां नाव?"

"कोणीच लिहिलं नाही."

"कोणीतरी लिवल्याशिवाय कसा येयत?"

तिच्या त्या साध्या प्रश्नावर मी विचार करत राहिले. माणसानं लिहिलं नसेल तर उरलं कोण? माणसाचा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर. मी दुसऱ्या दिवशी मजकूर तुकड्यातुकड्यानं वगळत गेले. हा भाग काढला, नाव अजून येतंय. तो काढला, येतंय. आणि एक भाग काढल्यावर ते यायचं थांबलं. त्या भागातल्या ओळी एकेक करून परत घातल्या. शेवटी एका ओळीवर बोट आलं. तिथे काहीच विशेष नव्हतं, साधा भागाकार होता. गेलेल्या वेळाचा मोठा आकडा एका लहान आकड्यानं भागलेला.

काकांचा तो छोटा बोर्ड जुन्या पद्धतीचा होता. त्याच्या प्रोसेसरला एवढ्या मोठ्या आकड्याचा भागाकार एका फटक्यात येत नाही. मग कंपायलर कुणाला न सांगता त्या जागी एका मदतनीस कामाची हाक घालून देतो. एरवीच्या प्रोग्रॅमना तो मदतनीस आपोआप मिळतो, गाभ्यात मात्र तो ठेवलेला नाही. गाभ्याकडे अशा भागाकाराची स्वतःची सोय आहे, ती मुद्दाम नावानं मागावी लागते. मी ती ओळ बदलली. बिल्ड केलं. यंत्रानं काहीही न बोलता काम पुरं केलं आणि खाली नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

बाहेर पाणी पूर्ण भरलं होतं, अगदी हलत नव्हतं. मग मी मागच्या दारातून काकांना हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. मी धक्क्यापर्यंत चालत गेले आणि खांद्याला हात लावला.

संध्याकाळ होत आली होती. आम्ही पेटी जोडली, आवाजाची जोड आधी बसवली, मग आपली. कानांवर हेडफोन घातला आणि मी दचकले. एवढा आवाज असेल असं मला वाटलंच नव्हतं. तापलेल्या तेलात मोहरी पडावी तशी तडतड, सगळीकडून, जवळून, लांबून, न थांबता. खडकांतल्या बारीक कोळंब्या आपल्या नांग्या वाजवतात त्याचा हा आवाज असतो, हे मला मागून कळलं. त्या वेळी मला वाटलं खाडीच पेटलीय.

मी हेडफोन काढून काकांच्या कानांवर ठेवला. ते डोळे मिटून उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय नाय," ते म्हणाले. "बंदच आसा."

मला वाटलं वायर निसटली. मी हेडफोन घेऊन ऐकलं. तडतड चालू होती. परत त्यांना दिला. त्यांनी मान हलवली. स्क्रीनवर आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी होती, ती सारखी वरखाली नाचत होती. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुका आयकाक येता?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवला, त्याची वायर नीट गुंडाळली, आणि धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसले. पेटी जुनी झाली नव्हती. जहाजावरच्या त्या सगळ्या वर्षांनी त्यांच्या कानांतले बारीक, उंच पट्टीतले आवाज कधीच पुसून टाकले होते. इतके दिवस मी जे शोधत होते ते सापडलं होतं, आणि त्याचं मी आता काय करणार होते?

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. ती मागच्या दारानं सहसा येत नसे. तिनं काकांची पाठ बघितली, माझा चेहरा बघितला.

"काय झाला?"

मी हळू आवाजात सांगितलं. ती काकांजवळ गेली, पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "माका म्हायत होता. दोन वर्सां मी उगाच ओरडान बोलतंय काय?"

काकांनी तिच्याकडे वळून बघितलं. "माका वाटला, तू चिडतंस."

"चिडतंय पण," काकी म्हणाली. "पण ओरडतंय त्या तुमका आयकाक येवचा म्हणान."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगलंय. तुमका आयकाक इला नाय."

काकांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं की ते हसतायत. काकी हसली नाही. तिनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि तो हात थोडा वेळ सोडला नाही.

नंतर ती मांगरात आली. "खंय आसा तो आवाज? माका दी बघूया." मी हेडफोन तिच्या कानांवर घातला. ती ताठ बसली. तिचे डोळे मोठे झाले. इतकी वर्षं ज्या पाण्याकडे तिनं पाठ केली होती, ज्या पाण्यावर नवरा गेला की तिला घरातली एकेक संध्याकाळ एकटीनं ढकलावी लागायची, त्याच्या पोटात इतकं काही चाललेलं असेल अशी तिला कल्पना नव्हती.

"मोहरी तडतडता तसा," ती म्हणाली. मग काकांकडे वळून, मोठ्यानं आणि सावकाश, "मोहरी. फोडणीची. कळला?"

"कळला," काका म्हणाले.

पुढचे काही दिवस असेच गेले. संध्याकाळी काकी हेडफोन घालून बसायची आणि काय ऐकू येतं ते काकांना सांगायची. होडी गेली. आता बारीक झाला. आता टपटप, जसा काय अळवावर पाणी पडता. काका डोळे मिटून तिचं बोलणं ऐकायचे. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्यानं आवाज संथ व्हायचा आणि खालच्या पट्टीत उतरायचा, म्हणजे काकांच्या कानाला लागेल असा. त्यांनी तो ऐकला. "बरो आसा," ते म्हणाले. "पण हो तुझो आवाज. दर्याचो नाय." मी तो प्रोग्रॅम बाजूला ठेवला.

आणि मग अमावास्येच्या जवळपास, एका सुकतीच्या संध्याकाळी, ओहोटी लागलेली असताना, काकीनं हेडफोनवर हात ठेवला. "ह्या काय तरी दुसरा आसा. पोटात गुरगुरल्यासारख्या."

तिनं हेडफोन काढून काकांना दिला. त्यांनी आधी नकोच म्हणून हात हलवला. काकीनं तो त्यांच्या कानांवर बसवला. काका खाली मान घालून बसले. मग त्यांनी एक हात वर केला, कुणीतरी बोलत असताना दुसऱ्याला थांबवतात तसा.

ढोम्याचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. त्यांच्या कानांत जो एक भाग शाबूत होता, तो आवाज नेमका त्यात येत होता.

"एक आसा," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "दोन." आणि मग ते मोजायचे थांबले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. अंधार पडला तरी ते उठले नाहीत. काकीनं पुढच्या दाराचा दिवा लावला आणि परत येऊन बसली.

त्यानंतर काकी त्यांना कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एरवी डॉक्टर म्हटलं की ते टाळायचे. आता मुकाट्यानं गेले. कानात यंत्र बसलं. पहिल्या दिवशी कावळ्यांचा त्यांना इतका त्रास झाला की त्यांनी ते काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकी हळू आवाजात काहीतरी पुटपुटली, आणि काकांनी पेपरमधून मान वर करून तिला उत्तर दिलं. काय ते मला कळलं नाही. काकी मात्र लाजून आत गेली.

खाडीतली तडतड त्यांना यंत्र घालूनही नीट ऐकू येत नाही. ती अजूनही काकीच सांगते.

मी जानेवारीत पुण्याला परतले. जुन्या कामावर गेले, पण थोड्याच महिन्यांत ते सोडून कर्नलचं काम करणाऱ्या एका लहान गटात लागले. काकांच्या पेटीची दुरुस्त केलेली जोड सगळ्यांसाठी ठेवली आहे. मधे एका बेटावरच्या बाईनं ती वापरल्याचं कळवलं. तिथे काय ऐकू येतं ते तिनं लिहिलं नाही.

पावसाळ्यात काका मायक्रोफोन पाण्यातून काढून ठेवतात. बाकी दिवसांत रविवारी फोन येतो, आता नेहमी काकीचा. परवा ती सांगत होती, दोन-तीन दिवस एक वेगळाच आवाज येतोय, लांबून, वर चढत जाणारा. काका म्हणतात बोटीचं यंत्र. तिला तसं वाटत नाही.

"बोट अशी मधेच थांबत नाय," ती म्हणाली. "आणि थांबली तर परत येवन विचारत नाय."

"आवाज विचारतो कसा?"

"तसोच वाटता. थांब, तुका आयकवतंय." तिनं हेडफोन फोनला लावला असावा. मला पाण्याची घरघर ऐकू आली, आणि मागे काकांचा आवाज, तिला काहीतरी विचारत असलेला, आणि तिनं दिलेलं उत्तर, अगदी हळू.